चुंबकाच्या फ्रिजपासून चार फूट

कॉलेजातून घरी आले की मी चपलांसकट पलंगाच्या कडेवर बसते आणि थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहते. हे काही चिंतन वगैरे नसतं. दिवसभर उभ्यानं पदार्थविज्ञान शिकवून पाय भरून आलेले असतात, एवढंच. खरं काम त्यानंतर सुरू होतं. घराच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिथं अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, स्कूटर असायची. त्या खोलीत मी गेली सहा वर्षं चुंबकाचा फ्रिज करते आहे.

चुंबकाचा फ्रिज म्हटलं की लोकांना फ्रिजच्या दारावर चिकटवायचं फळाफुलांचं चुंबक आठवतं. परभणीत मला हे इतक्यांनी विचारलंय की हल्ली मी ‘हो, तेच’ म्हणून मोकळी होते. समजावून सांगण्यातही ताकद जाते, आणि समजल्यावर लोक विचारतात, ‘मग बाजारात कधी येणार?’ 

तरी एकदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नेहमीच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो गॅस दाबतो, सोडतो, त्यातून गारवा येतो. माझ्या फ्रिजला गॅस नाही आणि कॉम्प्रेसरही नाही. गॅडोलिनियम नावाचा एक धातू आहे. तो जोरदार चुंबकात नेला की किंचित तापतो आणि बाहेर काढला की किंचित गार होतो. तापलेला असताना त्यातून पाणी फिरवून ती उष्णता बाहेर टाकायची. मग धातू चुंबकाबाहेर काढायचा आणि पाणी उलट्या बाजूनं फिरवायचं. हेच परत परत. एका खेपेत हाती लागतात दोन-तीन अंश. पण धातूचे बारीक दाणे नळीत भरून पाणी असं मागंपुढं खेळवत राहिलं की नळीचं एक टोक हळूहळू गार होत जातं आणि दुसरं गरम. चुंबक विजेचं घेतलं तर तेच वीज खातं आणि वर स्वतः तापतं, म्हणून कायमचं चुंबक घ्यायचं, ज्याला रोज काही खायला घालावं लागत नाही. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं की नाकी नऊ येतात.

अप्पांनी जन्मभर फ्रिज दुरुस्त केले. त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं, पण ते दुकानात कमी आणि रस्त्यावर जास्त असायचे. झरी, पेडगाव, पोखर्णी, जिथून निरोप येईल तिथं स्कूटरला गॅसची टाकी बांधून निघायचे. एखाद्या मेडिकलवाल्याचा फ्रिज बंद पडलाय म्हटलं की भरल्या ताटावरून उठायचे, कारण आत इन्सुलिन असायचं. माझ्या फ्रिजला गॅसच लागत नाही, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे बापाच्याच पोटावर पाय द्यायलीस म्हन की!” आणि स्वतःच हसत सुटले. दुकान तेव्हा नुकतंच बंद केलं होतं आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात आम्ही दोघंच. त्यांना काहीतरी काम हवं होतं, मला माणूस हवं होतं. ते माझ्याबरोबर खोलीत यायला लागले.

पहिल्या दिवसाची फजिती अजून आठवते. फ्रिज मेकॅनिकची एक सवय असते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ऐकायचं. डॉक्टर नळी लावतात तसं. अप्पा सवयीनं स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या यंत्राजवळ गेले आणि तो त्यांच्या मुठीतून जो निसटला तो खाडकन चुंबकाला जाऊन बसला. दोघांनी ओढला तरी निघेना. त्या दिवसापासून त्यांनी खोलीच्या दाराशी आईची पितळी परात ठेवली. आत जायच्या आधी अंगावरचं सगळं लोखंड त्यात काढायचं. किल्ल्या, पिना, माझ्या केसांतले आकडे, त्यांचं घड्याळ. देवळात जाताना चपला काढाव्यात तसं ते मन लावून काढायचे. आणि तरी एक तक्रार कायम राहिली. “आवाजच न्हाई ग ह्याला. आवाज न्हाई म्हंजे बंद हाय असंच वाटतंय.”

चुंबक म्हणजे एक सलग तुकडा नव्हे. निओडायमियमचे साबणाच्या वडीएवढे ठोकळे असतात. प्रत्येकाचं तोंड शेजारच्यापेक्षा थोडं वळवून त्यांचं एक जाड कडं करायचं. असं केलं की सगळ्यांचा जोर कड्याच्या पोकळीत एकवटतो आणि बाहेर काही उरत नाही. कागदावर उरत नाही. प्रत्यक्षात कड्याच्या दोन्ही तोंडांतून तो बाहेर सांडतोच. आणि हे ठोकळे भाऊबंदांसारखे असतात. जवळ आणले की एकतर उसळून लांब पळतात, नाहीतर एकमेकांवर असे आदळतात की कपचे उडतात. एकानं बाभळीच्या लाकडाची पाचर धरायची, दुसऱ्यानं पितळी स्क्रू फिरवत ठोकळा तसूतसूनं आत रेटायचा. पाचर अप्पांची आणि स्क्रू माझा. ठोकळा जागेवर बसून गोंद सुकेपर्यंत दोघांनीही श्वास धरल्यासारखं उभं राहायचं. त्या वेळात ते कुठल्या गावच्या कुठल्या फ्रिजमध्ये उंदीर निघाला होता असलं काहीतरी सांगायचे. मी हसायचे, आणि माझा हात हलला की मलाच रागवायचे.

गॅडोलिनियमचा एक नखरा आहे. वीस अंशांच्या आसपास तो अगदी जोमात असतो. त्याच्या फार वर गेलं की सुस्तावतो. परभणीत तसली हवा दिवाळीनंतर येते आणि शिवरात्रीला, आमच्याकडे म्हणतात तसं, ‘शिव शिव’ करत निघून जाते. तिच्यामागोमाग माझा फ्रिजही जातो. एप्रिल-मेमध्ये माणसाला फ्रिज लागतो, आणि नेमका तेव्हा माझा फ्रिज पत्र्याखाली नुसता पडून असतो. उन्हाळा सोसणारे दुसरे मिश्रधातू आहेत, पण ते आमच्यापर्यंत पोचायचे तेव्हा पोचतील. “ही छत्री उन्हात उघडती अन् पावसात मिटती,” असं अप्पा म्हणायचे. त्यामुळे वर्षाचं जे काही करायचं ते आम्हाला थंडीच्या त्या थोड्या दिवसांत करावं लागायचं.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास नवं, मोठं कडं पूर्ण झालं. आता नळ्या बसवायच्या, जीपच्या वायपरची मोटर जोडायची, आरओचा छोटा पंप लावायचा आणि थंडीची वाट बघायची, असं ठरलं होतं. आणि एका सकाळी अप्पा अंगणात तोंड धुता धुता खाली बसले ते उठेनात. शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, “काय न्हाई, जरा अंधारी आली.” नाडी बघितली तर सापडेना इतकी हळू चाललेली. नांदेडला नेलं. डॉक्टरांनी डाव्या छातीत, कातडीखाली, पेसमेकर बसवला. काडेपेटीपेक्षा लहान यंत्र. हृदय आळशीपणा करायला लागलं की ते ठोका देतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी काय जपायचं ते सांगितलं. मोबाइल वरच्या खिशात ठेवायचा नाही. डावा हात काही दिवस वर उचलायचा नाही. चुंबकापासून लांब राहायचं. मग नेहमीचा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, “घरात काही मोठं चुंबक वगैरे नाही ना?”

“आहे,” मी म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं स्पीकर असेल. मी सांगितल्यावर हसायचे थांबले आणि म्हणाले, “मग त्या खोलीत यांनी पाऊल टाकायचं नाही.”

दादा, माझा थोरला भाऊ, पुण्याला असतो. त्याचा त्याच संध्याकाळी फोन आला. “हे बघ, एकतर तुझं चुंबक घरात राहील, नाहीतर अप्पा. मी त्यांना इकडं घेऊन येतो.” मी म्हटलं, घरात चुंबकाचा जोर अजिबात पोचत नाही, मी मीटरनं मोजलंय. तो म्हणाला, “घराचं कोण म्हणतंय? अप्पा कधी तुझं ऐकून दाराबाहेर थांबलेत का? सवयीनं एक दिवस परातीत घड्याळ टाकतील आणि जातील आत.” हे खरं होतं. यंत्र कॉलेजात हलवावं म्हटलं तर तिथं त्याला जागा नव्हती. प्रयोगशाळेच्या अर्ध्या भागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते आणि उरलेल्या अर्ध्यात मुलं. बरंच भांडून, मी चुंबकाला लोखंडाचं कवच घालते म्हटल्यावर, शेवटी दादा म्हणाला, “शिवरात्रीपर्यंत थांबतो. तोवर खोली बिनधोक झाली तर ठीक, नाहीतर मी गाडी घेऊन येतो.”

मला अप्पा जायला नको होते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तेवढंच खरं होतं. घरात दिवा लावलेला असतो, कुणीतरी ‘आलीस का’ म्हणतं, एवढ्यासाठी माणूस कॉलेजातून घरी येतं. आणि त्यांना त्या खोलीवाचून करमणार नाही असं मला वाटत होतं. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर ते काय करतील? लिफ्टची मोटर ऐकत बसतील?

मी मीटर घेऊन खोलीत फिरले. पेसमेकरला चुंबकाचा किती जोर चालतो ती मर्यादा डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर होती. तिच्यावर माझा विश्वास होता, पण मन भरेना. म्हणून त्यांच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यावर मी माझी मर्यादा धरली. ती यंत्राच्या टेबलापासून चार फुटांवर आली. तिथं फरशीवर लाल ऑइलपेंटची रेघ मारली. खोली एवढीशी, त्यामुळे रेघेच्या पलीकडे उरला फक्त उंबरा. उंबऱ्याबाहेर अप्पांनी स्वतःच आपली खुर्ची आणून ठेवली. संध्याकाळी मी आत गेले की ते शाल गुंडाळून तिथं येऊन बसायचे. दादाचा अंदाज चुकला, एकदासुद्धा त्यांनी रेघ ओलांडली नाही. शहाण्या मुलासारखे बसून राहायचे. ते पाहून मला आतून तुटायचं.

चुंबक कसं थांबवतात? त्याला थांबवता येत नाही, फक्त वळवता येतं. कड्याभोवती मऊ लोखंडाचं जाड कवच घातलं की बाहेर सांडणारं क्षेत्र लोखंडातूनच फिरून परत आत जातं. पण दोन्ही तोंडांनाही झाकणं हवीत, कारण खरी गळती तिथं. झाकणांना मधे भोक पाहिजे, नळी आतबाहेर करायला. भोक लहान ठेवलं तर गळती कमी होते, पण झाकण पोकळीच्या कडेचा जोरही थोडा चोरतं, आणि नळीला बाहेर पडायला जास्त लांब जावं लागतं. म्हणजे फेरा लांबतो, मोटर दमते, गारवा कमी होतो. प्रत्येक सोयीची कुठंतरी गैरसोय होती. पूर्ण कार्तिक मी संगणकावर हीच झाकणं जाड-पातळ करण्यात घालवला. सकाळी भाकरी टाकताना माझ्या डोक्यात भोकाचा व्यास असायचा आणि वर्गात फळ्यावर लिहिताना तव्यावरची भाकरी.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसा याच वेळी कॉलेजनं, यंत्राला थोडा निधी दिला होता म्हणून, त्याच्या पाहणीचा दिवस ठरवला. विभागप्रमुखांना मी नवे आकडे दाखवले. कवचाशिवाय गार आणि गरम टोकात बारा अंशांचा फरक पडेल असं गणित होतं. कवचासकट नऊच्या वर जाणार नव्हता. ते चष्मा काढून म्हणाले, “मॅडम, लोक पुढे जातात. तुम्ही मुद्दाम मागे निघालात.” मी म्हटलं, सुरक्षितता महत्त्वाची. “कुणाची? तिथं तर तुम्ही एकट्याच काम करता.” मी आकड्यांचे कागद गोळा केले. घरातली गोष्ट कॉलेजात सांगायची मला सवय नाही, आणि सांगितली असती तर त्यांनी चहा मागवून सहानुभूती दाखवली असती. तेवढी माझी तयारी नव्हती.

औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडून कवच दोन फाकांत करून आणलं. लोखंडाची ती धुडं रिक्षातून उतरवली तेव्हा रिक्षावाला म्हणाला, “ताई, गिरणी टाकायलाव का?” हो म्हटलं. आता खरी गंमत होती. एवढं लोखंड चुंबकाजवळ न्यायचं म्हणजे चुंबक ते हातातून ओढून घेणार, आणि मधे बोटं असली तर बोटांसकट. दोन माणसांचं काम होतं. दुसरं माणूस चार फुटांपलीकडं खुर्चीवर बसलेलं. मग मी रुळासारख्या दोन लाकडी पट्ट्या केल्या, दोन्ही बाजूंना लांब स्क्रू लावले, म्हणजे लोखंड ओढलं गेलं तरी स्क्रू सोडेन तेवढंच पुढे सरकेल. रोज संध्याकाळी थोडं थोडं. एक आटा डावीकडे, एक आटा उजवीकडे.

अप्पा उंबऱ्याबाहेरून बघत असायचे. “डावी बाजू पुढं जायलीय,” म्हणायचे. “हळू, माय. घाई करू नको.” पूर्वीसारखं उंदराचं वगैरे काही सांगत नसत. मला वाटायचं, लांब बसावं लागतं म्हणून रुसलेत. मी आतूनच त्यांना सांगायचे, “थोडेच दिवस, अप्पा. मग तुमची खुर्ची टेबलाला लावू.” त्यावर ते नुसतं “हां” म्हणायचे.

दुसरी फाक बसवताना एका स्क्रूचा आटा गेला आणि लोखंड बोटभर पुढं उडालं. माझी करंगळी कडेला होती म्हणून वाचली, पण नख काळंनिळं झालं. मी ओरडले असणार, कारण अप्पा उभे राहिले होते. खुर्ची मागं पडली होती. ते दाराच्या चौकटीवर एक हात टेकून “काय झालं, काय झालं” करत होते आणि आत येत नव्हते. मी म्हटलं, “काही नाही, बसा तुम्ही. रेघ बघा.” त्या दुखण्यातही मला बरं वाटलं, की माणूस किती शिस्तीनं वागतंय. मग त्यांनीच घरातून हळद आणि तेल कालवून आणलं आणि माझं बोट बांधलं.  माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.

त्या दिवसांत मी इतकी बेजार झाले होते की एकदा वर्गात हजेरी घेता घेता मधेच थांबले आणि पुढचा नंबर आठवेना. मुलं हसली. मीही हसले. घरी येऊन पलंगाच्या कडेवर बसले आणि वाटलं, हे सगळं विकून टाकावं, भंगारात. पण चुंबक भंगारवाला घेत नाही. त्याचा तराजू चिकटतो.

शिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात काम संपलं. थंडी जायच्या बेतात होती, पण गेली नव्हती. मोटर चालू केली. नळी कड्यात जायची, बाहेर यायची, पंप पाणी इकडून तिकडं ढकलायचा. अर्ध्या तासानं दोन टोकांतला फरक नऊ अंशांवर आला आणि तिथंच राहिला, मी म्हटलं होतं तसं. मग मी मीटर घेऊन मोजत निघाले. जिथं लाल रेघ होती तिथं काहीच नव्हतं. तीन फुटांवर नाही, दोन फुटांवरही नाही. माझी ती अतिशहाणी मर्यादा आता टेबलाच्या कडेपासून वीतभर अंतरावर आली होती. मी दुसऱ्या बाजूनं मोजलं, खाली बसून मोजलं, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजलं. सगळीकडे तेच. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेवढंही अंगात उरलं नव्हतं. नुसतं बरं वाटलं, ओझं उतरवून ठेवल्यासारखं.

“अप्पा, या आत,” मी म्हणाले.

“आता कशाला? सयंपाकाचं बघ.”

“या हो. बिनधोक झालंय. हे बघा, मीटर बघा.”

“दिसायलंय मला.”

“मग?”

ते उठले. उंबऱ्यापाशी आले. एक पाय उचलला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत मागं घेतला.

“न्हाई जमत, बाई.”

“पाय दुखतोय का?”

“पायाला काय धाड भरली? भ्या वाटायलंय.”

मला आधी कळलंच नाही. या माणसानं गॅसच्या टाक्या उघड्या हातांनी झाळल्या होत्या. पावसात खांबावर चढून शेजाऱ्यांची वायर जोडली होती. मी परत मीटर पुढं केला, परत आकडा दाखवला. मी त्यांना पोराला समजावावं तसं समजवायला लागले, की कवचामुळं क्षेत्र कसं आतल्या आत फिरतं. त्यांनी मला बोलू दिलं. मग खुर्चीवर बसत म्हणाले, “नांदेडला तू खाली औषधं आनाया गेलतीस, आठवतंय? तवा ती मशीन तपासनारा मानूस आला. त्यानं छातीवर एक चुंबक ठिवलं. चहाच्या बशीएवढं बी न्हाई. अन् आत धडाधडा ठोके पडाया लागले. ते माझे न्हवते ग. कुनीतरी दुसराच आत बसून ठोकायलाय, असं वाटलं. मी म्हनलो, काढ रे बाबा. त्यानं काढलं. म्हनला, काका, मशीन एकदम ठीक हाय, असंच तपासतेत.”

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगू? सा वर्सं तू त्याच्यामागं हायस. बापालाच त्याचं भ्या वाटायलंय म्हनलं, तर तुझा हात चालंल का?”

मी मोटर बंद केली. आता खोलीत पंपाचाही आवाज नव्हता.

“दादाला मीच म्हनलो होतो, मला तिकडं न्हे म्हनून. भ्याचं न्हाई सांगितलं,” ते म्हणाले. “तो उगा तुझ्याशी भांडला, माझ्यापायी. मग तू हे लोखंड काढलंस, अप्पासाठी म्हनून. मग कसं जावं? त्याला म्हनलो, थांब शिवरात्रीपर्यंत.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. तीन अंश घालवले होते मी. ज्या तीन अंशांसाठी दोन हिवाळे घासले होते ते या खुर्चीसाठी सोडून दिले होते, करंगळीचं नख दिलं होतं, विभागप्रमुखांपुढं गप्प उभी राहिले होते, आणि खुर्चीतल्या माणसाला आत यायचंच नव्हतं. कधीच यायचं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं आणि ओरडायला कुणीच गुन्हेगार सापडेना.

“मग रोज इथं येऊन कशाला बसत होतात?” मी विचारलं. “घरात बसायचं. टीव्ही बघायचा.”

“तू एकटीच आत असायचीस की,” ते म्हणाले. “ते लोखंड हातावर पडलं म्हंजे? बघाया तर कुनी पायजे.”

मी मीटर टेबलावर ठेवला. बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले. पलीकडच्या घरात कुणीतरी लसणाची फोडणी दिली होती.  मग मी फोन काढला आणि दादाला लावला. त्याला म्हटलं, खोली बिनधोक झालीय, पण तू रविवारी ये. अप्पा तुझ्याकडं येतायत. तो गोंधळला, म्हणाला, “अगं, मग झालं ना सगळं? आता कशाला?” मी म्हटलं, ये तू, सांगते नंतर.

अप्पा ऐकत होते. मी फोन ठेवला तेव्हा त्यांनी शालीच्या आतून उजवा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. बोटं आखडली होती, ती त्यांनी एकदा उघडली, मिटली. सगळा हिवाळा तो हात तिथंच होता, डाव्या छातीवर, शालीखाली. मी आतून रोज पाहायचे आणि मला वाटायचं, उंबऱ्यापाशी वारा लागतो, म्हणून अप्पा शाल गच्च धरून बसतात.